येणार येणार म्हणताना : ऑल्टन टॉवर्स आणि वदंतेचा इतिहास

मराठीत अफवेसाठी शब्दांची टंचाई नाही. आवई उठते, भुमका पसरते, कंडी पिकते, वदंता कानावर येते आणि किंवदंती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. 'अफवा' हा शब्द मुळात अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ 'तोंडे' असा बहुवचनी आहे. संस्कृतातून आलेल्या 'किंवदंती'त तर 'काय म्हणतात?' हा प्रश्नच दडलेला आहे. इंग्रजांनी लॅटिनमधून जो शब्द उचलला त्याचा अर्थ कोलाहल, गलबला. एका भाषेला तोंडे दिसली, दुसरीला प्रश्न ऐकू आला, तिसरीला नुसता आवाज. बोलणारा मात्र एकीलाही सापडलेला नाही, आणि तो सापडू नये हेच या वाङ्मयप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण आहे.

वाङ्मयप्रकार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पाश्चात्त्य महाकवींना यात काही वावगे वाटले नव्हते. व्हर्जिलने 'ईनिड'च्या चौथ्या सर्गात वदंतेला देवता केले. चालता चालता तिचे बळ वाढते असे तिचे वर्णन केले. शेक्सपिअरने 'चौथा हेन्री'च्या दुसऱ्या भागाचा पडदा उघडला तो अंगभर जिभा रंगवलेल्या 'रूमर' नावाच्या पात्राकरवी. आपल्याकडे रणजित गुहा यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वसाहतकालीन शेतकरी उठावांची चिकित्सा करताना अफवेला निनावी, कर्तृहीन वाणीचा मान दिला. सरकारी कागदांत जिला केवळ खोटेपणा समजले गेले होते, तिच्यात त्यांना माणसांना एकत्र आणणारी शक्ती दिसली. तरीही साहित्याच्या वर्गात आपण एक गमतीदार भेद पाळतो. निनावी गोष्ट भूतकाळाविषयी असेल तर ती दंतकथा होते, लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात जाते, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. तीच निनावी गोष्ट उद्याविषयी असेल तर ती अफवा ठरते आणि आपण ती झटकून टाकतो. हा भेद टिकतो का, हे तपासायला एखादे असे ठिकाण हवे जिथे दोन्ही प्रकारच्या गोष्टी एकाच मातीत उगवल्या आहेत. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातले ऑल्टन टॉवर्स हे असे ठिकाण आहे. आज ते थीम पार्क म्हणून प्रसिद्ध आहे आणि 'इथे आता कोणती नवी रोलर कोस्टर येणार' हा तिथल्या चाहत्यांचा बारमाही विषय आहे. पण त्या उद्यानाचा इतिहास रुळांच्या बराच आधी सुरू होतो.

ही जागा श्रूजबरीच्या अर्लांची, म्हणजे टॅलबट घराण्याची. पंधरावे अर्ल चार्ल्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चर्नेट नदीच्या उजाड दरीत बाग वसवायला घेतली. कारंजी, पॅगोडा, काचघरे, प्राचीन वास्तूंच्या प्रतिकृती अशी सगळी सरमिसळ तिथे झाली. जॉन क्लॉडिअस लाउडन या तत्कालीन उद्यानतज्ज्ञाला हा प्रकार अजिबात रुचला नाही. अमर्याद पैसा आणि विकृत कल्पनाशक्ती यांची ही युती आहे, अशा आशयाची टीका त्याने केली. १८२७ साली अर्ल वारले. त्यांचे पुतणे जॉन सोळावे अर्ल झाले, आणि त्यांनी चुलत्याच्या स्मरणार्थ बागेत एक ग्रीक धर्तीचे स्मारक उभे केले. त्यावर कोरले आहे की या माणसाने वाळवंटाला हसायला लावले. हे हसू वाचकांनी लक्षात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सोळाव्या अर्लांनी वाड्याच्या कामाला ऑगस्टस पुगिनला आणले. गॉथिक वास्तुकलेचे पुनरुज्जीवन करणारा हा कडवा कॅथलिक वास्तुविशारद. वास्तूत खोटेपणा नको, सजावट ही रचनेतूनच यायला हवी, हे त्याचे तत्त्व त्याने १८४१ च्या आपल्या पुस्तकात हिरिरीने मांडले होते. १८५२ साली अर्लही गेले आणि अवघ्या चाळिसाव्या वर्षी पुगिनही गेला. चार वर्षांनी सतरावे अर्ल निःसंतान वारले, वारसाचा दावा हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला, १८५७ साली वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. १८६० साली बाग लोकांसाठी उघडण्यात आली. दरीतून १८४९ पासून आगगाडी धावत होतीच. सहलीच्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. शतकाच्या अखेरीस इथे आतषबाजी, डोंबारी, हत्ती असे मेळे भरत. म्हणजे गर्दी आणि आरोळ्या या दरीला नव्या नाहीत, हे एवढ्यासाठी सांगायचे की पुढच्या भांडणात दोन्ही पक्ष 'पूर्वीची शांतता' हा शब्द फार सैलपणे वापरतात. १९२४ साली जहागीर स्थानिक व्यावसायिकांच्या गटाला विकली गेली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वाडा ताब्यात घेतला, १९५१ साली परत केला, आणि मग मालकांनी त्याच्या आतले लाकूड, शिसे, जमिनी, जे विकता येईल ते काढून विकले. उरला तो भिंतींचा सांगाडा. वाडा मुळात पडका दिसावा म्हणून कोणी बांधला नव्हता. तो पडका केला गेला. आज तिथे जाणाऱ्याला मात्र ते अवशेष गॉथिक कादंबरीसाठीच रचल्यासारखे वाटतात.

आता दंतकथा. ऑल्टन गावाजवळ एक जुना ओक आहे, त्याच्या फांद्यांना जाड लोखंडी साखळ्या बांधलेल्या आहेत. गोष्ट अशी सांगतात : शरद ऋतूतल्या एका रात्री अर्ल आपल्या बग्गीतून परतत होते. वाटेत एका भिकारणीने नाणे मागितले. अर्लांनी ते दिले नाही. म्हातारीने शाप दिला की या झाडाची जेवढी फांदी पडेल तेवढी तुझ्या घरातली माणसे मरतील. त्याच रात्री वादळ झाले, फांदी पडली, घरातले एक माणूस गेले. अर्लांनी सगळ्या फांद्या साखळदंडांनी बांधून टाकल्या. कुणी ही गोष्ट पंधराव्या अर्लांची सांगतात, कुणी सोळाव्या, सालेही बदलतात. याचकाला विन्मुख धाडल्याने लागलेला शाप हे लोककथेतले जगभरचे कल्पनाबंध, आणि त्यात भर म्हणून पुरावा तर समोरच उभा आहे. साखळ्या खऱ्या आहेत. जुन्या वृक्षाच्या जड फांद्या मोडू नयेत म्हणून त्यांना आधार देण्याची रीत बागायतीत असतेच, आणि अशा हौशी मालकाने साखळ्याही हौसेने निवडल्या असतील, असे मला वाटते. पण दंतकथेचा कारखाना असाच चालतो : आधी वस्तू, मग तिच्याभोवती 'का?' हा प्रश्न, मग उत्तर. वस्तू जितकी विचित्र आणि स्पष्टीकरण जितके अपुरे, तितके उत्तर घट्ट बसते.

हीच रीत भविष्याकडे तोंड करून कशी चालते ते पाहायला १९८० सालाकडे यावे लागेल. तोपर्यंत ही जागा बाग, होड्या, लहानसहान पाळणे एवढ्यावर चालली होती. जॉन ब्रूम या विकासकाने १९७० च्या दशकात सूत्रे हाती घेतली आणि १९८० साली 'कॉर्कस्क्रू' ही प्रवाशांना दोनदा उलटे फिरवणारी गाडी आणली. इंग्लंडमध्ये तोवर असे काही नव्हते. रस्ते गर्दीने तुंबले आणि बागेचे थीम पार्क झाले. ब्रूमच्या पुढच्या स्वप्नाचा इथे ओझरता उल्लेख करतो, कारण अफवेच्या अभ्यासकाला तो उपयोगी आहे. लंडनचे बंद पडलेले बॅटरसी वीजकेंद्र थीम पार्कमध्ये बदलायची त्याची योजना होती. १९८८ साली मार्गारेट थॅचर यांच्या हस्ते कामाचा समारंभपूर्वक आरंभ झाला. १९८९ साली काम पैशाअभावी थांबले, तोवर छप्पर काढून झाले होते. पंतप्रधानांनी उद्घाटन केलेली, वर्तमानपत्रांत छापलेली ही बातमी शेवटी निव्वळ हवाच ठरली. अधिकृत आणि अनधिकृत या भेदाने सत्य ठरत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. ती इमारत लोकांसाठी उघडली ती २०२२ साली, दुकाने, कचेऱ्या आणि घरे घेऊन.

ऑल्टन टॉवर्स १९९० साली टुसॉ समूहाकडे गेले. तिथे जॉन वॉर्डली हा माणूस आला. रंगभूमी आणि चित्रपटांतल्या युक्त्यांवर पोसलेला, त्यामुळे गाडीपेक्षा गोष्टीचा विचार आधी करणारा. त्याच्यापुढे एक अट होती, आणि पुढचे सारे नाट्य त्या अटीतून निघाले आहे : भोवतालच्या झाडांच्या शेंड्यांवर उद्यानातले काहीही डोके काढता कामा नये. दरीपलीकडच्या गावांना झाडेच दिसली पाहिजेत. मग नवी मोठी गाडी आणायची कशी? या योजनेला आतल्या गोटात 'सीक्रेट वेपन', गुप्त अस्त्र, असे नाव होते. पहिल्या दोन आराखड्यांत वेगळ्या जातीची गाडी होती, ते मागे पडले. तिसऱ्यात उत्तर सापडले. वर जाता येत नसेल तर खाली जायचे. खडकात सुरुंग लावून खड्डा खणण्यात आला आणि त्यात बोलिजर आणि माबिलार या स्विस कंपनीची, प्रवाशांचे पाय अधांतरी लोंबणारी गाडी बसवली. नाव 'नेमेसिस'. १९९४ च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. उंची सुमारे १३ मीटर, पण उतार त्याच्या दुपटीहून अधिक, कारण जमिनीखालचे खोलगट खडक हिशेबात आले. (याच कंपनीची 'नायट्रो' ही गाडी २०१३ पासून खोपोलीजवळच्या इमॅजिकात आहे, तेव्हा मराठी वाचकाच्या पोटातला गोळा आणि स्टॅफर्डशरमधला गोळा यांचे घराणे एक आहे.) मात्र गाडीपेक्षाही तिला जोडलेली कथा महत्त्वाची : जमिनीखाली कुणी अनादी प्राणी निजला होता, खोदकामाने तो जागा झाला, आणि हे पोलाद त्याला जखडून ठेवण्यासाठी आहे. वाचकांच्या लक्षात आले असेल. साखळ्यांनी बांधलेल्या ओकाचीच ही गोष्ट आहे, फक्त झाडाच्या जागी राक्षस आला. वॉर्डलीने तशी ती योजली होती असे मी म्हणत नाही. पण त्या मातीत 'का बांधून ठेवले आहे?' या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय आधीपासून होती. शिवाय अहंकाराचे माप पदरात घालणाऱ्या ग्रीक देवतेचे नाव, कृपण अर्लाला शाप मिळालेल्या दरीत, हे वाङ्मयीन दृष्ट्या इतके नेमके आहे की त्याचा हेवा वाटावा.

'गुप्त अस्त्र' हे आतले नाव हळूहळू बाहेर फुटले आणि मग त्याला क्रमांक चिकटले. 'ऑब्लिव्हियन' (१९९८) हे चौथे अस्त्र, काळोख्या विवरात सरळ खाली झेपावणारे. 'एअर' (२००२) पाचवे. गंमत अशी की ही अस्त्रे गुप्त राहूच शकत नव्हती. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापासून ब्रिटनमध्ये कोणत्याही मोठ्या बांधकामाला स्थानिक परिषदेची परवानगी लागते, आणि त्यासाठी दिलेले नकाशे, उंचीच्या नोंदी, ध्वनीचे अहवाल कुणाही नागरिकाला पाहता येतात. म्हणजे उद्यानाला आपले गुपित सरकारी दप्तरात जमा करावे लागते. चाहते ते दप्तर उघडून बसतात. कुठे किती खोल पाया, कोणता खांब किती उंच, रुळाची रेघ कुठे तुटून पुन्हा कुठे उगवते, यावरून गाडी कोणत्या जातीची हे ते ताडतात. जीर्ण पोथीतल्या गळलेल्या ओळी भरून काढणारा पाठचिकित्सक यांच्याहून फार वेगळे काही करत नाही. फरक एवढाच की त्याला पोथीचा कर्ता येऊन 'चूक' असे सांगत नाही, यांना दोन वर्षांत रूळच सांगतो. या दृष्टीने पाहिले तर ही अफवा आळशी माणसांची नाही. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ साली मांडलेले सूत्र प्रसिद्ध आहे : विषयाचे महत्त्व गुणिले संदिग्धता, तेवढी अफवा. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवा संपते. नियोजनाच्या कायद्याने संदिग्धता संपवली नाही, तिला नेमका आकार दिला.

पण त्याच दप्तराचा दुसराही वाचक आहे, आणि त्याची आठवण चाहत्यांच्या इतिहासात सहसा नसते. तो म्हणजे फार्ली किंवा ऑल्टन गावात राहणारा माणूस. रॉबर्ट नॅप याने १९४४ साली, युद्धकाळातल्या अफवा गोळा करून, त्यांचे तीन वर्ग केले : इच्छेच्या, भयाच्या आणि द्वेषाच्या. ऑल्टनमध्ये एकाच कागदावरून पहिले दोन वर्ग एकाच दिवशी जन्म घेतात. 'नवी गाडी येणार' हे वाक्य मँचेस्टरच्या शाळकरी पोराच्या तोंडी इच्छा असते. खिडकीतून दरी दिसणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी तेच वाक्य भय असते. तीच क्रिया, तोच काळ, तेच कर्तृपद. व्याकरण सारखे असून अर्थ उलटा, हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहावे असे आहे. आणि झाडांच्या उंचीची ती अट, जिच्यामुळे 'नेमेसिस'चा खड्डा खणला गेला, ती या दुसऱ्या वाचकाचे लेखन आहे. उद्यानातली सर्वांत नावाजलेली कृती शेजाऱ्यांच्या हरकतीने अर्धी लिहिली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे कंपनीला या सगळ्याची किंमत कळली. लोक फुकट बोलतात, तर त्यांनी काय बोलावे हे आपण का ठरवू नये? २००० साली पडक्या वाड्यातच 'हेक्स' नावाचा खेळ उघडला. त्यात ओकाची गोष्ट अशी वाढवली की ती पडलेली फांदी वाड्याच्या तळघरात सापडली आहे. गावाची गोष्ट आता तिकिटामागे गेली. पुगिनच्या भिंतींच्या आत खोटे तळघर, हा विनोद त्या सत्यनिष्ठ माणसाला पचला नसता. २०१० च्या 'थर्टीन'ने तर संदिग्धताच विकली. कॉर्कस्क्रूच्या जागी येणाऱ्या या सहाव्या अस्त्राचा बाहेरचा रूळ सगळ्यांनी नकाशात पाहिला होता. मधल्या बंद इमारतीत काय होते हे मात्र कुणाला ठरवता येईना. आत रुळाचा तुकडाच गाडीसकट खाली पडतो, हे पुढे उघड झाले. एक गोष्ट मान्य केली पाहिजे : हे काम कौशल्याचे होते. तरी मला त्यात काही हरवल्यासारखे वाटते. निनावी वाणीला जाहिरात-विभागाचा कर्ता मिळाला की तिचे स्वरूप बदलते. आपण तर्क करतो आहोत असे वाटत असताना आपण पाठांतर करत असतो.

सातवे अस्त्र 'स्मायलर'. ते हसू इथे परत आले. स्मारकावरच्या ओळीशी त्याचा संबंध नसावा, योगायोगच. चौदा वेळा उलटे फिरवण्याचा विक्रम घेऊन ती गाडी २०१३ च्या मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाली. २ जून २०१५ रोजी तिच्यावर प्रवासी भरलेला डबा रुळावर अडकलेल्या रिकाम्या डब्यावर आदळला. दोन तरुणींना पाय गमवावे लागले, आणखी काही जण गंभीर जखमी झाले. यंत्रणेने गाडी थांबवली होती; पुढे डबा अडकला आहे हे ध्यानात न आल्याने तंत्रज्ञांनी ती थांबवणूक बाजूला सारली. २०१६ साली स्टॅफर्डच्या न्यायालयात मर्लिन या मालक कंपनीला, तिने गुन्हा कबूल केल्यावर, ५० लाख पौंड दंड झाला. इथे सूचकतेला जागा नव्हती. किती वाजता, कोणता डबा, कुणाला काय ठाऊक होते, कोणती कार्यपद्धती लिहिलेली नव्हती, हे सारे एकेक करून न्यायालयात बोलले गेले, नाव आणि स्वाक्षरीसह. वर्षानुवर्षे त्या गाडीभोवती जी भाषा विणली गेली होती, मनाचा ताबा घेणारे यंत्र, जबरदस्तीचे हसू, ती या भाषेशेजारी ठेवून वाचावी. संदिग्धतेला आकर्षक मानणाऱ्या आपणा साहित्याच्या लोकांना ही तुलना अस्वस्थ करणारी आहे.

अपघातानंतरची पहिली मोठी गाडी २०१८ ची 'विकर मॅन', आठवे अस्त्र : लाकडी, आणि सुमारे साडेसतरा मीटर उंचीच्या जळत्या वेताच्या पुतळ्यातून जाणारी. या पुतळ्याचा उगम शोधू गेल्यास आपण ज्युलिअस सीझरपाशी पोचतो. गॉल लोकांच्या धर्माविषयी लिहिताना तो सांगतो की ते वेताचे प्रचंड आकार विणून त्यात जिवंत माणसे घालून जाळतात. हे त्याने स्वतः पाहिले असल्याचे तो म्हणत नाही. त्याने ते आधीच्या ग्रीक लेखकाकडून घेतले असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि जिंकलेल्या लोकांच्या क्रौर्याची कथा जेत्याला सोयीची असते हेही उघड आहे. नॅपच्या तिसऱ्या वर्गाची, द्वेषाची अफवा, दोन हजार वर्षे मुरल्यावर अशी पुराणकथा होते आणि तिच्यातून आगीचे झोत सोडता येतात.

'नेमेसिस' २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये थांबवली गेली, तिचा बहुतेक रूळ बदलला आणि मार्च २०२४ मध्ये ती 'रीबॉर्न' म्हणून त्याच खड्ड्यात त्याच आकारात परतली. दरम्यान इंग्लंडच्या अफवेचे केंद्र बेडफर्डकडे सरकले. तिथे अमेरिकन युनिव्हर्सल कंपनीने जुन्या वीटभट्ट्यांच्या परिसरात जमीन घेतल्याचे २०२३ च्या अखेरीस बाहेर आले आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारनेच प्रकल्प जाहीर केला. उद्घाटनाचे साल २०३१ सांगितले आहे. बॅटरसीच्या समारंभाची आठवण असणारे ते साल पेन्सिलीने लिहितील.

साखळ्यांच्या ओकाचा मोठा भाग २००७ साली, वादळ नसताना, कोसळला. साखळ्या उरलेल्या खोडाला अजून आहेत. आणि २०१८ नंतर चाहत्यांनी पुढच्या गाडीला नववे अस्त्र म्हणायला सुरुवात केली, ती कोणती, कुठे, कधी यातले काहीही ठरण्याच्या आधी.